इंद्रधनुष्यावरून पेटलेलं भांडण : ‘डायब्लो ३’ची दृश्यशैली आणि हरवलेली भीती

२८ जून २००८ रोजी पॅरिसमध्ये ब्लिझर्ड या गेम कंपनीच्या ‘वर्ल्डवाइड इन्व्हिटेशनल’ या कार्यक्रमात ‘डायब्लो ३’ या राक्षसांशी लढण्याच्या व्हिडिओ गेमची घोषणा झाली. ‘डायब्लो २’ येऊन तोवर आठ वर्षं उलटली होती. गेम डायरेक्टर जे विल्सन यांच्या निवेदनासह जवळपास वीस मिनिटांचा चालता गेम दाखवण्यात आला. बार्बेरियन हा लढवय्या नायक ट्रिस्ट्रम गावाच्या पडक्या कथीड्रलमध्ये शिरतो, झॉम्बींच्या घोळक्यावर भिंत पाडतो, पुढे विच डॉक्टर हा मांत्रिक नायक येतो, आणि शेवटी एक अजस्र राक्षस एका बार्बेरियनचं डोकंच चावून तोडतो. सभागृहात जल्लोष झाला. घरी बसून तोच व्हिडिओ पाहणाऱ्या जुन्या चाहत्यांपैकी अनेकांचा चेहरा मात्र पडला, आणि थोड्याच दिवसांत दृश्यशैली बदलण्याची मागणी करणाऱ्या ऑनलाइन पिटिशनवर हजारो सह्या जमल्या.

तक्रारी तीन जातींच्या होत्या, पण त्या एकाच श्वासात मांडल्या गेल्या. पहिली उजेडाची: तळघरात सगळीकडे निळसर-हिरवा प्रकाश पसरलेला, त्यामुळे अख्खी खोली एका नजरेत दिसते. दुसरी घडणीची: हाताने रंगवल्यासारखी टेक्स्चर्स (पृष्ठभागांचे पोत), फुगवलेले खांदे, जाडजूड शस्त्रं, म्हणजे थेट ब्लिझर्डच्याच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमची आठवण. तिसरी रंगाची: बाहेरच्या मुलखात हिरवळ, धबधबा आणि त्यावर चक्क इंद्रधनुष्य. यातली तिसरी तक्रार सांगायला सगळ्यात सोपी, म्हणून तीच घोषणा बनली. पुढची चार वर्षं या वादाला ‘इंद्रधनुष्याचा वाद’ म्हणूनच ओळखलं गेलं, आणि खरा प्रश्न बाजूला पडायला सुरुवात तिथेच झाली.

जुना अंधार आला कुठून

पहिला ‘डायब्लो’ १९९७ च्या सुरुवातीला दुकानांत आला तेव्हा चित्र ६४० × ४८० पिक्सेलचं आणि रंग एका वेळी २५६. हिरोच्या भोवती प्रकाशाचं एक वर्तुळ, आणि त्यापलीकडे हळूहळू काळं होत जाणारं जग. हे वर्तुळ नुसती सजावट नव्हतं. ते कमीजास्त करणाऱ्या वस्तू गेममध्ये मिळायच्या, म्हणजे ‘किती लांबचं दिसतं’ ही खेळाडूच्या ताकदीची एक बाजू होती. कथीड्रल, कॅटाकोंब, गुहा आणि नरक असे चार-चार मजल्यांचे सोळा मजले याच वर्तुळातून उतरायचे. समोरून घुंगरांसारखा हाडांचा आवाज येतोय, पण सांगाडा दिसत नाहीये, ही अवस्था त्या गेमचा प्राण होती.

‘डायब्लो २’ तेवढा काळाकुट्ट नव्हता. पहिल्या अंकातलं माळरान हिरवं आहे, लुट घोलेनचं वाळवंट लख्ख उन्हातलं, कुरास्टचं जंगल तर दाट हिरवं. ब्लिझर्डने हा मुद्दा वारंवार मांडला आणि तो खरा आहे. पण चाहत्यांची आठवणही खोटी नव्हती. ‘डायब्लो २’मध्ये प्रकाशवर्तुळ होतं, बाहेर दिवस मावळायचा आणि रात्र व्हायची, तळघरात तर अंधारच. गेम रंगीत असूनही दिसण्यावर मर्यादा होती. रंग असणं आणि सगळं दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या संपूर्ण वादात दोन्ही बाजूंनी त्या वारंवार एकच समजल्या.

फोटोशॉपची चित्रं आणि त्यांना मिळालेलं उत्तर

चाहते नुसत्या सह्यांवर थांबले नाहीत. ब्लिझर्डने दिलेले स्क्रीनशॉट त्यांनी फोटोशॉपमध्ये घेतले, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) उतरवलं, कोपरे काळे केले, मशालींभोवती मऊ उजेड काढला, दगडांचा खरबरीतपणा वाढवला. ‘गेम असा हवा’ म्हणून ही चित्रं सगळीकडे फिरली. विल्सन यांनी एका मुलाखतीत त्यातल्या काही चित्रांवर एकेक करून उत्तर दिलं. एखादा मोठा स्टुडिओ चाहत्यांच्या चित्रांवर इतकं तपशिलात बोलतो हे तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही आहे, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

त्यांचे आक्षेप दोन. एक तांत्रिक: फोटोशॉपमध्ये माणूस ठरवतो की उजेड नेमका कुठे पडावा. इंजिनला, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ते दर फ्रेमला, हिरो कुठेही असताना, मंत्रांचा मारा चालू असताना, चार खेळाडू एकत्र असताना काढायचं असतं, आणि तेही सामान्य संगणकावर. गेम बाजारात आला तेव्हा किमान अपेक्षा जीफोर्स ७८०० जीटी कार्ड आणि विंडोज एक्सपीवर १ जीबी रॅम इतकीच होती. ७८०० जीटी हे २००५ चं कार्ड. त्यावर डझनभर हलत्या मशालींच्या मऊ सावल्या चालवणं शक्य नव्हतं, हे बरोबरच आहे.

पण इथे एक पळवाट राहिली. चाहत्यांच्या चित्रांतला देखणा, हुशार उजेड अशक्य होता. प्रकाशवर्तुळ अशक्य नव्हतं. हिरोपासूनच्या अंतरानुसार पिक्सेल काळा करत जाणं हे शेडरसाठी (पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी) अगदी किरकोळ काम, १९९७ च्या संगणकांवरही त्याची सोय झाली होती. वर्तुळाची खरी अडचण खेळात होती. डेमन हंटर आणि विझार्ड हे नायक लांबून मारा करतात, पडद्यावर एका वेळी तीस-चाळीस शत्रू येतात, आणि वर्तुळ लहान ठेवलं तर लांबून मारणाऱ्याला लक्ष्यच दिसत नाही. ही अडचण चर्चेला घेण्यासारखी होती: वर्तुळ फक्त काही तळघरांत ठेवायचं का, मंत्रांनी उजेड पाडायचा का, मशाल हे साधन करायचं का. चर्चा तिथवर गेलीच नाही.

दुसरा आक्षेप वाचनीयतेचा: करड्या जमिनीवर करडे राक्षस उभे केले तर कोणाला आधी मारायचं हे कळत नाही, आणि तासन्‌तास करडं पाहून डोळा कंटाळतो. हा आक्षेप किती खरा आहे ते कोणालाही घरबसल्या तपासता येतं.

‘डायब्लो ३’मधल्या गर्दीच्या लढाईचा एक स्क्रीनशॉट घ्या, शक्यतो चांगल्या ताकदीच्या शत्रुटोळीसोबतचा. त्याच्या दोन प्रती करा. पहिल्या प्रतीत पूर्ण चित्राचं सॅच्युरेशन शून्यावर आणा. दुसऱ्या प्रतीत फक्त जमीन, भिंती आणि सामान निवडून त्यांचं सॅच्युरेशन अर्ध्यावर आणा व तेवढाच भाग थोडा काळा करा. हिरो, शत्रू आणि मंत्रांचे परिणाम यांना हात लावू नका. आता दोन्ही प्रती लहान करा, १९२० पिक्सेल रुंदीच्या २४० करा, आणि ज्याने हा गेम पाहिलेला नाही अशा माणसाला दाखवा. हिरो कुठे, जवळचा शत्रू कुठे, जमिनीवर कुठे पाय ठेवायचा नाही, एवढं विचारा.

पहिल्या प्रतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा चुकतं. कारण या गेममध्ये रंग म्हणजे माहिती आहे. ‘प्लेग्ड’ शत्रूचं विषाचं डबकं हिरवं, ‘आर्केन एन्चँटेड’चे फिरते किरण जांभळे, ‘डेसिक्रेटर’चा जळता गोल लालसर-नारिंगी, ‘फ्रोझन’चे फुटणारे गोळे निळसर-पांढरे. जमिनीवर पडलेल्या वस्तूंची नावंही तशीच: जादुई निळी, दुर्मीळ पिवळी, संचातली हिरवी, लेजंडरी नारिंगी. हे सगळं करडं केलं की खेळाडू मरतो, आणि का मेला ते त्याला कळत नाही.

दुसरी प्रत मात्र मूळ चित्रापेक्षाही स्पष्ट वाचता येते. डोळा आधी उजेड-अंधाराचा फरक टिपतो, रंगछटा नंतर. मागचा पडदा काळवंडला की पुढचा जांभळा किरण दुप्पट उठून दिसतो. म्हणजे चाहत्यांना हवा असलेला अंधार आणि स्टुडिओला हवी असलेली वाचनीयता एकमेकांच्या आड येत नव्हती. आड येत होतं ते पूर्ण चित्रावर एकच सरकपट्टी ओढणं. चाहत्यांनी रोग ओळखला होता, औषध चुकीचं सुचवलं. स्टुडिओने औषध चुकीचं असल्याचं सिद्ध केलं आणि रोग नाहीच असं धरून चालला. या प्रकरणाचं मर्म इथे आहे.

स्टुडिओच्या आत

त्याच वर्षी आर्ट डायरेक्टर ब्रायन मॉरिसरो यांनी ब्लिझर्ड सोडलं. पिटिशनचा त्याच्याशी संबंध नाही हे कंपनीने स्पष्ट केलं, तरी काही चाहत्यांनी तो आपला विजय मानला. हे वागणं चुकीचं होतं. शेकडो लोकांच्या कामाचा राग एका नावावर काढला की उरलेली माणसं ऐकायचं बंद करतात, आणि त्यानंतर रास्त तक्रारही गोंगाटात जाते. पुढे ही जबाबदारी ख्रिश्चन लिश्टनर यांच्याकडे आली. २०११ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी शैलीमागचा विचार मांडला: चित्रकाराच्या कुंचल्यासारखा पोत, जमिनीवर तपशील कमी, पात्रं ठळक. विचार पक्का आणि सुसंगत होता. दिशा बदलली नाही.

१५ मे २०१२ ला गेम आला आणि पहिल्या २४ तासांत ३५ लाखांहून अधिक प्रती गेल्या. त्यात एक गुप्त पातळी होती, विम्सीशायर. गुलाबी ढग, हसरी फुलं, इंद्रधनुष्य, आणि अंगावर धावून येणारे युनिकॉर्न व टेडी बेअर. इंद्रधनुष्याच्या तक्रारींना दिलेलं हे उत्तर होतं, आणि तिथे पोचण्याची वाट भलतीच खडतर ठेवली होती. ‘स्टाफ ऑफ हर्डिंग’ ही काठी लोहाराकडून घडवून घ्यायची. तिला लागणारं साहित्य असं: कथीड्रलमधलं काळं मशरूम, लिओरिक राजाच्या वाड्यातल्या शेकोटीतलं त्याच्या नडगीचं हाड, कॅल्डियम शहराच्या बाजारात स्क्वर्ट या फेरीवालीकडून एक लाख सोन्याला मिळणारी वर्टची घंटा, डाल्गुर ओअॅसिसमधल्या गूढ गुहेतलं ‘लिक्विड रेनबो’, तिसऱ्या अंकात बर्फाच्या गुहेतल्या चिल्टारा या शत्रूकडून कधीमधी पडणारं ‘गिबरिंग जेमस्टोन’, आणि चौथ्या अंकात इझुअल या शत्रूकडून मिळणारा काठीचा आराखडा. बहुतेक गोष्टी नशिबावर. गुहा दर वेळी उघडी सापडत नाही, चिल्टारा दर वेळी भेटत नाही, भेटली तरी रत्न देईलच असं नाही. नवा गेम सुरू करायचा, ठिकाण तपासायचं, नाही तर बाहेर पडून पुन्हा सुरू करायचं, हीच रीत. सगळं जमलं की जुन्या ट्रिस्ट्रमच्या रस्त्यावर गायीच्या सांगाड्यापाशी वाट उघडते.

ही पातळी मन लावून बनवलेली आहे, आणि ‘डायब्लो २’मधल्या गायींच्या गुप्त पातळीचा वारसा ती नीट पुढे नेते. पण ती उत्तर देते फक्त तिसऱ्या तक्रारीला. उजेडाची आणि घडणीची तक्रार होती तिथेच राहिली.

एकच खाटीक, दोन गेम

पात्रांच्या चित्रणावरचा वाद गेम खेळून झाल्यावर सुरू झाला, आणि तो जास्त खोल होता. बुचर, म्हणजे खाटीक, या राक्षसाचं उदाहरण घ्या.

पहिल्या ‘डायब्लो’त कथीड्रलच्या बाहेर एक मरणोन्मुख गावकरी भेटतो. आत एक राक्षस आहे, त्याने सगळ्यांना कापून काढलं, एवढं सांगून तो प्राण सोडतो. दुसऱ्या मजल्यावर एक बंद खोली. दार उघडलं की रक्ताने माखलेली जमीन, टांगलेली प्रेतं, आणि ‘ताजं मांस’ एवढेच शब्द. तो तुमच्यापेक्षा जोरात धावतो. त्या टप्प्यावर बहुतेक खेळाडू त्याला मारू शकत नाहीत, दार लावून घेणं किंवा जाळीआडून बाण मारणं असे मार्ग शोधावे लागतात. कोणती खोली ते आधी माहीत नसतं. नकाशे दर वेळी नव्याने घडतात.

‘डायब्लो ३’त तोच बुचर पहिल्या अंकाच्या शेवटी येतो. प्रशस्त दालन, प्रवेशाला छोटं दृश्य, वर आयुष्याची पट्टी, जमिनीवर जाळ्या. जाळी लालसर झाली की थोड्या वेळाने तिथे आग लागणार, तोवर बाजूला व्हायचं. लढाई म्हणून ही रचना उत्तम आहे: इशारा, वेळ, प्रतिक्रिया, सगळं चोख. मॉडेलही पहिल्यापेक्षा कितीतरी किळसवाणं आणि तपशीलवार. पण भीती वाटत नाही, कारण काय येणार, कुठे येणार, कधी येणार हे तिन्ही आधी कळलेलं असतं. या दालनाचे रंग कितीही उतरवा, ते कळणं कमी होत नाही.

हीच अडचण बोलक्या खलनायकांची. तिसऱ्या अंकात अझमोडन हा राक्षस हवेत आपला भला मोठा चेहरा प्रकट करून पुढची चाल स्वतःच सांगतो. चौथ्या अंकात डायब्लोही तेच करतो. कॅल्डियमचा बालसम्राट म्हणजेच बेलियल हा राक्षस, हे पात्रांना कळण्याच्या कितीतरी आधी खेळाडूला कळतं. खोटेपणाचा स्वामी म्हणून ज्याची ओळख, त्याचा खोटेपणा तासभरही टिकत नाही.

डेकार्ड केनचं मरण चाहत्यांना सर्वाधिक लागलं. तिन्ही गेममध्ये सोबत असलेला हा म्हातारा विद्वान पहिल्याच अंकात मघडा या चेटकिणीच्या हातून मरतो, आणि मघडाभोवती फुलपाखरांसारखे पंख फडफडत असतात. इथे रंगाची तक्रार आणि पात्राची तक्रार एकत्र आली. मरण एखाद्या मोठ्या शत्रूकडून आलं असतं तर एवढा राग झाला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी लिया या कथेतल्या तरुणीच्या देहातून घडलेला डायब्लो बारीक कमरेचा, बाईच्या बांध्याचा दिसतो, यावरही टीका झाली. ती मात्र मला पटत नाही. कथेत त्याला ठोस कारण आहे, आणि ज्याच्या देहात तो शिरतो त्याचा ठसा त्याच्यावर उमटणं हे मालिकेच्या जुन्या नियमाला धरूनच आहे. दुसरीकडे, प्रत्येक वर्गात स्त्री किंवा पुरुष निवडण्याची सोय या गेमने पहिल्यांदा दिली, आणि तो बदल जवळजवळ विनातक्रार स्वीकारला गेला. चाहते प्रत्येक बदलाला विरोध करतात हे म्हणूनच खरं नाही.

स्वतःच अंधार करणारे

गेम आल्यावर काहींनी ‘डार्कडी३’ नावाचं मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेला बदल, काढलं. गेमच्या फोल्डरात एक डीएलएल फाइल टाकायची, ती पडद्यावर जाणारं चित्र मध्येच पकडते, काँट्रास्ट वाढवते, रंग उतरवते, कडा धारदार करते. पहिली दहा मिनिटं ते झकास दिसतं. मग दोष कळू लागतात. ही प्रक्रिया तयार चित्रावर होते, त्यामुळे आयुष्याचा लाल गोळा, नकाशा, वस्तूंची अक्षरं हेसुद्धा काळवंडतं. काळ्या भागातले बारीक फरक बुडतात, आणि अंधारात उभा शत्रू भिंतीत मिसळतो. मुख्य म्हणजे अंधार हिरोबरोबर चालत नाही. जवळचं आणि लांबचं सारखंच काळं होतं. शिवाय बाहेरचे प्रोग्रॅम वापरणं कंपनीच्या अटींत बसत नव्हतं, म्हणजे खातं धोक्यात.

अशा मतभेदात स्टुडिओला काही सांगायचं असेल तर ‘रंग कमी करा’पेक्षा ठिकाण आणि क्षण सांगणं उपयोगी पडतं: अमुक मजल्यावर, अमुक दारापाशी, आत काय आहे ते मला दार उघडण्याआधीच कळलं. उजेड, रंग, घडण आणि वागणूक या चार खात्यांपैकी तक्रार कुठे जाते ते आधी ठरवावं, कारण स्टुडिओत ती चार वेगळ्या लोकांकडे जाते. लाइटिंग करणाऱ्याला अझमोडनचे संवाद बदलता येत नाहीत.

पुढे काय बदललं

२५ मार्च २०१४ च्या ‘रीपर ऑफ सोल्स’ या ‘डायब्लो ३’च्या पुरवणीने बरंच दुरुस्त केलं. वेस्टमार्च हे करड्या दगडांचं, प्रेतांनी भरलेलं शहर, आणि माल्थाएल हा मोजकंच बोलणारा शत्रू. २३ सप्टेंबर २०२१ ला ‘डायब्लो २ : रिसरेक्टेड’ ही जुन्या गेमची नव्याने रंगवलेली आवृत्ती आली तेव्हा ती बनवणाऱ्या व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने ७०-३० चा नियम सांगितला: ७० टक्के मूळ, ३० टक्के नवी भर. पीसीवर ‘जी’ दाबलं की नवं त्रिमितीय चित्र जाऊन २००० सालचं जुनं चित्र समोर येतं. चाचणीच्या काळात अॅमेझॉन या स्त्री-योद्ध्याच्या चेहऱ्यावरून वाद झालाच, पण या एका बटणामुळे बोलणं आठवणींवर न राहता समोरच्या चित्रावर आलं. कुठल्याही तळघरात उभं राहून बटण दाबून पाहा: रंग नव्या चित्रात जास्त आहेत, तरी अंधाराची हद्द जागेवर आहे.

‘डायब्लो ४’ची घोषणा १ नोव्हेंबर २०१९ ला अंधाराकडे परतण्याच्या भाषेतच झाली. आर्ट डायरेक्टर जॉन म्युलर यांनी रेम्ब्रांटसारख्या जुन्या चित्रकारांचा दाखला दिला: तपशील हवा तिथेच, छटा मोजक्या, बाकी सावलीत. जून २०२३ मध्ये गेम आला आणि बुचर परत आला. आता त्याला दालन नाही, प्रवेशाचं दृश्य नाही. साध्या तळघरात, किरकोळ शत्रू मारत असताना, कधीही, तो मागून धावत येतो आणि आकडा फेकून ओढून घेतो. हार्डकोअरमध्ये खेळणाऱ्याचं पात्र तिथे कायमचं मरतं. नकाशावर त्याची कुठलीच खूण नसते, म्हणून अनुभवी खेळाडू तळघरात शिरताना एक औषध आणि पळून जाण्याचं एक कौशल्य हाताशी राखून ठेवतात.